प्रोलॅक्टिन वाढलंय, पण गाठ कुठली?

दोन रिपोर्ट शेजारी ठेवू. दोन्ही बायकांची पाळी बंद, बाळ अंगावर नसताना दूध येतंय आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत २२ मिलिमीटरची गाठ. फरक एकच: एकीचं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, १,८००, दुसरीचं ८० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर.

पहिली गाठ बहुधा प्रोलॅक्टिनोमा. तिच्या पेशी स्वतःच प्रोलॅक्टिन बनवतात, त्यामुळे गाठ मोठी तसा आकडा मोठा; १० मिलिमीटरच्या वर तो सहसा २०० ओलांडतो. दुसरी गाठ बहुधा मुकी, हार्मोन न सोडणारी. ती पिट्युटरीचा देठ दाबते. या देठातून मेंदूकडून उतरणारं डोपामिन हे रसायन प्रोलॅक्टिनला लगाम घालत असतं. तो सुटला की निरोगी पेशीच जादा प्रोलॅक्टिन सोडतात, पण आकडा बहुतेक वेळा १०० च्या आत राहतो.

हा फरक का जपायचा? प्रोलॅक्टिनोमा बहुतेकदा कॅबर्गोलिन या गोळीने आक्रसतो. सुरुवात साधारण ०.२५ मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा; मळमळ आणि चक्कर टाळायला रात्री जेवणासोबत. मुक्या गाठीतही याच गोळीने आकडा खाली येतो, पाळीसुद्धा परतते, आणि सगळे निर्धास्त होतात. गाठ मात्र बहुधा तेवढीच राहते किंवा वाढते आणि डोळ्यांच्या नसा दाबत राहते. दोन्ही बाजूंच्या कडा दिसेनाशा होतात: खांदा चौकटीला आपटतो, बाजूने आलेली दुचाकी कळत नाही. अशा गाठीला नाकावाटे शस्त्रक्रिया लागते. म्हणून नुसत्या प्रोलॅक्टिनवर समाधान मानू नका. एमआरआय आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी पुन्हा झालीच पाहिजे.

उलटी फसगतही होते. गाठ खूप मोठी आणि आकडा मात्र किरकोळ असेल, तर नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजायला सांगा. प्रोलॅक्टिन अफाट असलं की काही चाचण्या खोटा कमी आकडा दाखवतात.

आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूलचं पाकीट उलटून वाचा. त्यात डोमपेरिडॉन किंवा लेव्होसल्पिराइड असेल तर गाठ नसतानाही प्रोलॅक्टिन चढतं. मानसिक आजारावरची रिस्पेरिडोनही ते चढवते, पण ती परस्पर बंद करायची नाही.

अचानक असह्य डोकेदुखी होऊन दिसणं कमी झालं, किंवा कॅबर्गोलिन सुरू असताना नाकातून पाण्यासारखं गळू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.