पुस्तक परत करताना चिठ्ठीत काय लिहाल?
(सभासदांसाठी माहितीपत्रक)

सभासद मित्रहो,

"काहीतरी चांगलं द्या." आमच्या वाचनालयाच्या काउंटरवर आणि फोनवर आम्ही हे वाक्य इतक्यांदा ऐकतो की पाटी करून लावायला हरकत नाही. घरपोच सेवेच्या सभासदांचा मेसेजही तेवढाच असतो: दोन पुस्तकं पाठवा, चांगली. मागणी रास्त आहे, पण तिच्यावरून कपाटातलं पुस्तक काढता येत नाही. चांगली पुस्तकं भरपूर आहेत. त्यातलं या पंधरवड्यात तुमच्या हातून वाचून होईल असं कोणतं, हे मागचं पुस्तक वाचताना तुमचं काय झालं त्यावर ठरतं.

म्हणून आमच्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पाकीट चिकटवलेलं असतं आणि त्यात पिवळी चिठ्ठी असते. ती बहुतेक वेळा कोरी परत येते. नाहीतर "खूप आवडलं, धन्यवाद" एवढं लिहून येते. खरा घोटाळा कोऱ्या चिठ्ठीपेक्षा या दुसऱ्या प्रकारामुळे होतो.

घोटाळा असा. सभासद जाडजूड ऐतिहासिक कादंबरी नेतात. तीस-चाळीस पानांवर बखरीच्या वळणाची भाषा अंगावर येते, पुस्तक उशाशी पडून राहतं. मुदत संपली की भिडेखातर "आवडलं" म्हणून परत करतात. आम्ही ते खरं धरतो आणि त्याच जातीची दुसरी कादंबरी काढून ठेवतो. घरपोच सेवेचा आमचा मुलगा ती बडोद्याच्या दांडिया बाजारातून मांजलपूरला किंवा वासणा रोडला पोचवतो. तीही तशीच परत येते. तिसऱ्या फेरीनंतर ऐकायला मिळतं, "हल्ली तुमच्याकडे वाचण्यासारखं काही नसतं." फेऱ्या आमच्या जातात, वर्गणीचे महिने तुमचे जातात, आणि दोष बिचाऱ्या पुस्तकावर.

एवढं गाजलेलं पुस्तक, सगळे वाखाणतात, आणि आपल्याला पुढे सरकवेना, हे कबूल करायचा संकोच असतो. तो आमच्याकडे करू नका. अर्धवट सोडलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी आणलंत तरी बदलून मिळतं. त्याला दंड नाही आणि ते तुमच्या पंधरवड्याच्या पुस्तकांत मोजतही नाही. फक्त कितव्या पानावर सोडलंत ते लिहा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

पान क्रमांकावरून आम्हाला बरंच कळतं. पहिल्या तीस पानांत सोडलं असेल तर बहुधा भाषा जड गेली किंवा छपाई बारीक होती. जुन्या आवृत्त्यांचा टाइप साठीपुढच्या डोळ्यांना त्रास देतो. त्याच पुस्तकाची नवी, मोठ्या अक्षरातली प्रत असेल तर ती देतो. मध्यावर सोडलं असेल तर विषयाचा कंटाळा आला, मग प्रकारच बदलतो. शेवटाजवळ सोडणारे थोडे असतात आणि त्यांचं कारण बहुतेकदा एकच: पुढे काय होणार ते कळलंय आणि ते वाचवत नाही. असे वाचक आम्हाला फार जवळचे. त्यांना पुढचं पुस्तक हलकं द्यायचं की त्याच ताकदीचं, हे मात्र विचारून घेतो.

आता प्रकारांबद्दल. कादंबरीवरची प्रतिक्रिया आणि कवितासंग्रहावरची प्रतिक्रिया एका मापाने घेता येत नाही. म्हणून आम्ही पाचपैकी किती तारे असं विचारत नाही. काही तरुण सभासद तसं सुचवतात, पण ताऱ्यांवरून आम्हाला पुढचं पुस्तक निवडता येत नाही.

एक उदाहरण देतो. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' ही दोन्ही पुस्तकं १९६७ची. दोन्हींत महाभारत आहे. पण कर्णाच्या दुःखात बुडून गेलेल्या वाचकाच्या हातात लगेच 'युगान्त' दिलं तर तो रागावतो, कारण तिथे त्याच माणसांकडे कोरड्या, चिकित्सक नजरेने पाहिलेलं आहे. उलट "कादंबरी आवडली, पण कर्ण इतका निर्दोष कसा?" असं ज्याने चिठ्ठीत लिहिलं, त्याला 'युगान्त' नेमकं लागू पडतं. दोघांनीही नुसतं "आवडलं" लिहिलं असतं तर आम्हाला फरक कळला नसता. चिठ्ठीत कौतुकापेक्षा कुरकुर जास्त उपयोगी पडते ती अशी.

१९६३ सालच्या 'कोसला' या कादंबरीवर तर आमच्याकडे दोन तट आहेत. एक तट नायकाच्या आळसाला आणि बोलण्याच्या तऱ्हेला वैतागतो, दुसरा तट पुस्तक परत करायला महिना लावतो. वैतागणाऱ्यांनी "नायकाचा राग आला" एवढं जरी लिहिलं तरी आम्ही त्यांना आत्मकेंद्री निवेदनाच्या कादंबऱ्यांपासून दूर ठेवतो.

आत्मचरित्रं आणि प्रवासवर्णनं वाचणारे सभासद आमच्याकडे संख्येने सर्वांत जास्त, आणि चिठ्ठ्याही तेच मन लावून लिहितात. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' (छापून आला १९०७ साली) नेणाऱ्यांना आम्ही आधीच सांगतो की हे सहलीचं वर्णन नव्हे. कोकणातल्या वरसईचा भिक्षुक दानदक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघतो आणि १८५७च्या धामधुमीत झाशीत सापडतो. हे माहीत नसताना नेलं की "किल्ल्यांची, देवळांची माहिती कमी आहे" अशी तक्रार येते. माहीत असलं की तेच सभासद रात्री जागून वाचतात आणि सकाळी पुढच्या पुस्तकासाठी फोन करतात.

ज्यांना मोठ्या पुस्तकाची धास्ती आहे त्यांनी तसं सरळ लिहावं. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ची, अंगाने बारीक आहे. बोटीवरची प्रेमकथा आणि मागे युरोपातलं वादळ. एका रविवारी संपते. आमच्या अनुभवात, वाचनाची सवय सुटलेल्या माणसाला सहाशे पानांची कादंबरी देणं म्हणजे उपास सोडताना पुरणपोळीचं ताट वाढणं.

रहस्यकथा आणि भयकथांच्या चिठ्ठीत एकच पथ्य पाळा: खुनी कोण ते लिहू नका. वाटतं तितकं हे उघड नाही. "शेवटच्या पानावर जावयाने धक्का दिला" असं एका चिठ्ठीत उत्साहाने लिहून आलं आणि ती चिठ्ठी त्याच पाकिटात पुढच्या घरी गेली. तेव्हापासून या कपाटातल्या चिठ्ठ्या आम्ही काउंटरवर काढून घेतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड या त्यांच्या नायकांसाठी अजूनही विचारणा होते, जुन्या प्रती मिळतील तशा आम्ही घेतो. कोणाच्या घरी आजोबांची पेटी माळ्यावर असेल तर रद्दीत देण्याआधी आम्हाला दाखवा. योग्य किंमत देतो किंवा तेवढी वर्गणी वळती करतो.

विनोदी पुस्तकांबद्दल आम्ही काही विचारत नाही. हसू आलं की नाही हे पुस्तकाच्या चेहऱ्यावरूनच कळतं. त्यावर चहाचे डाग सगळ्यांत जास्त असतात.

पेन्सिलीने ओळी अधोरेखित करण्याबद्दल मात्र विचारतो, आणि रागानेच. तुम्हाला आवडलेली ओळ पुढच्या वाचकाला आपोआप दिसायला नको. ती चिठ्ठीवर उतरवा, पान क्रमांकासह. चिठ्ठी भरली तर पाठकोरा कागद जोडा. खोडरबरने पानं साफ करण्यात आमची दुपार जाते, आणि बॉलपेन तर निघतच नाही. बॉलपेनच्या खुणा असलेली प्रत अनामत रकमेतून वळती होते, हे नियमांत पहिल्यापासून आहे.

मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात अशा मुलांसाठी पालक नेहमी विचारतात. बडोद्यात हे साहजिक आहे. शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी. गुजराती लिपीत शिरोरेघ नसते, त्यामुळे त्या सवयीच्या डोळ्यांना देवनागरीची ओळ सुरुवातीला गच्च वाटते आणि जोडाक्षरांवर वेग तुटतो. मुलाला आवड नाही असा निष्कर्ष लगेच काढू नका. कथासंग्रह द्या, एका बैठकीत एकच कथा, अक्षर मोठं. आणि चिठ्ठी त्याच्याकडूनच लिहून घ्या, गुजरातीत लिहिली तरी आम्हाला वाचता येते. आई-वडिलांनी मुलाच्या वतीने लिहिलेली "त्याला फार आवडलं" ही चिठ्ठी आम्ही बाजूला ठेवतो.

मांडवीला सेंट्रल लायब्ररी असताना तुमच्याकडे वर्गणी का भरायची, हा प्रश्नही नेहमीचा. सेंट्रल लायब्ररीचा आम्हाला अभिमानच आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारलं, पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव फिरवली. तेवढा पसारा आमच्याकडे नाही आणि तसा दावाही नाही. संदर्भासाठी, जुन्या दुर्मिळ ग्रंथांसाठी तिकडेच जा. आमच्याकडे कपाटं थोडी आहेत, पण प्रत्येक सभासदाच्या नावाचं कार्ड आहे आणि त्यावर त्याच्या चिठ्ठ्यांतलं उतरवून ठेवलेलं असतं. ते कार्ड वाचून पुस्तक काढायला जो वेळ लागतो, त्याची वर्गणी आहे.

आमच्या मुलाने दारात उभं राहून पुस्तक कसं वाटलं असं विचारलं तर तो आगाऊपणा समजू नये. चिठ्ठी कोरी दिसली की त्याला विचारायला आम्हीच सांगितलं आहे. तुमचं उत्तर तो स्वतःच चिठ्ठीवर लिहून घेतो.

दिवाळी अंकांची योजना दसऱ्यापासून सुरू होईल. कार्डावर किमान पाच चिठ्ठ्यांच्या नोंदी असलेल्या सभासदांना अंक निवडण्याचा पहिला मान मिळेल, बाकीच्यांना येतील त्या क्रमाने. ज्यांच्या नोंदी कमी आहेत त्यांनी वाचून झालेल्या जुन्या पुस्तकांबद्दल आत्ता लिहून दिलं तरी चालेल. कोऱ्या चिठ्ठ्या काउंटरवर डाव्या हाताच्या डब्यात आहेत.