सिद्धता तपासायची कुणी?

जुलै २०२४मध्ये गूगल डीपमाइंडच्या एआय प्रणालींनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या सहापैकी चार प्रश्नांची उत्तरं काढली आणि 'आता गणितज्ञ घरी बसणार' असे फॉरवर्ड फिरू लागले. त्यांत एक गोष्ट गाळलेली होती. त्यांतल्या अल्फाप्रूफ या प्रणालीने सोडवलेले तीन प्रश्न आधी माणसांनी 'लीन' या सिद्धता तपासणाऱ्या संगणकभाषेत लिहून दिले होते आणि उत्तर बरोबर की चूक हा निवाडाही लीनचा होता. 'एआयने सिद्ध केलं' असं कुणी म्हणालं की आधी विचारावं, तपासलं कुणी? मला त्या तपासणीबद्दलच सांगायचं आहे.

शाळेच्या भूमितीत आपण पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहायचो आणि बाई वाचून गुण द्यायच्या. लीन ज्या सिद्धान्तावर उभं आहे त्या टाइप थिअरीत साध्य हाच एक टाइप असतो, म्हणजे वस्तूंचा एक प्रकार, आणि सिद्धता ही त्या प्रकारातली वस्तू. ५ ही 'नैसर्गिक संख्या' या टाइपची, तशी एखादी सिद्धता '५ + ७ = १२' या टाइपची. 'जर अ तर ब' याची सिद्धता म्हणजे एक फल: अ-ची सिद्धता आत घाला, ब-ची बाहेर येते. म्हणून सिद्धता तपासणं म्हणजे टाइप जुळतात का ते पाहणं. हे काम संगणक न थकता करतो. करी आणि हॉवर्ड यांच्या नावाने ही संगती ओळखली जाते.

आता एक अगदी छोटं प्रमेय बघा. लीनमध्ये नैसर्गिक संख्या दोनच तऱ्हांनी बनते: ती ० असते, किंवा आधीच्या एखाद्या संख्येची 'पुढची' असते. बेरजेचे नियमही दोनच. क + ० म्हणजे क. आणि क + (ख-ची पुढची) म्हणजे (क + ख)-ची पुढची. 'क + ० = क' लिहिलं की लीन लगेच मान्य करतं, कारण तो नियमच आहे. पण '० + क = क' लिहा, तेवढ्यावर भागत नाही. शब्दाखाली लाल रेघ येते! मी पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा टायपिंगची चूक असेल म्हणून तीनदा पुन्हा लिहिलं. चूक नव्हती. दोन्ही नियम उजवीकडची संख्या उलगडतात आणि इथे उजवीकडे अज्ञात क आहे, तेव्हा उलगडायला काहीच नाही.

मग गणिती विगमन लागतं, आणि इथे विगमन म्हणजे खरोखरच एक यंत्र. ०साठी '० + ० = ०'ची सिद्धता द्या. क-ची सिद्धता मिळाली तर क-च्या पुढचीची कशी करायची ते सांगा. झालं. या यंत्रात ५ घातले की '० + ५ = ५'ची सिद्धता बाहेर येते, ७ घातले की '० + ७ = ७'ची. प्रत्येक वेळी बाहेर पडणाऱ्या वस्तूचा टाइप निराळा, आत घातलेल्या संख्येवर ठरणारा. याला अवलंबी टाइप म्हणतात. 'प्रत्येक क-साठी' हे एवढंसं वाटणारं विधान यंत्राला कळतं ते यामुळेच.

गणितज्ञ व्लादिमीर व्होएव्होद्स्की यंत्राने सिद्धता तपासण्याकडे वळले ते सिद्धतांमधल्या चुकांच्या धास्तीने. कापरानोव्ह या सहकारी गणितज्ञाबरोबरच्या त्यांच्या १९९१च्या निबंधातला मुख्य निष्कर्ष चुकीचा ठरवणारं उदाहरण कार्लोस सिम्पसन यांनी १९९८मध्ये मांडलं. चूक नेमकी कुणाची हे वर्षानुवर्षं ठरेना. दरम्यान, २००२मध्ये व्होएव्होद्स्कींना फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळाला. आपला निबंध चुकला होता हे त्यांना पटलं २०१३मध्ये.

त्याच सुमारास, २०१२-१३मध्ये, प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत त्यांनी स्टीव्ह अवोडी आणि थिएरी कोकां यांच्यासह गणिताच्या पायावर वर्षभराचा कार्यक्रम घेतला. गणितज्ञ, तर्कशास्त्रज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी मिळून जाडजूड पुस्तक लिहिलं. लेखक म्हणून त्यावर एकाही व्यक्तीचं नाव नाही. कुणीही ते फुकट उतरवून घेऊ शकतो. त्याच्या गाभ्याशी एकच प्रश्न आहे: 'समान' म्हणजे काय? तिथे अ = ब याची सिद्धता म्हणजे अ-पासून ब-पर्यंतची वाट. दोन बिंदूंमध्ये अनेक वाटा असू शकतात, आणि वाटांमध्येही वाटा. नैसर्गिक संख्या दशमान पद्धतीने लिहा की द्विमान, गणितज्ञ बेधडक म्हणतात 'हे एकच'. संचांच्या पायावर ते शब्दशः खरं नसतं. व्होएव्होद्स्कींच्या गृहीतकानुसार अशी सममूल्यता हीच समानतेची वाट. सप्टेंबर २०१७मध्ये, वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी ते गेले.

डिसेंबर २०२०मध्ये फील्ड्स पदकविजेते पीटर शोल्झे यांनी स्वतःच्याच एका प्रमेयाची सिद्धता पुढे ठेवली आणि जाहीर विनंती केली: ही कुणीतरी यंत्रावर तपासा, माझी पूर्ण खात्री नाही. योहान कोमेलिन यांच्या पुढाकाराने एक गट लीन घेऊन बसला. सगळ्यात अवघड भाग सहा महिन्यांत पार पडला, बाकीचा जुलै २०२२मध्ये. शोल्झेंचं प्रमेय बरोबर होतं.