लिफ्ट केलेल्या गाडीला मोठे टायर टाकण्याआधी

‘लिफ्ट टाकलीय, आता ३३ इंची टायर बसतील ना?’ आमच्या फोनवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. (लिफ्ट म्हणजे गाडी मूळ उंचीपेक्षा वर उचलणारं किट.) याचं उत्तर आम्ही फोनवर देत नाही. टाळतोय असं वाटू नये म्हणून हे पत्रक.

टायर बसतो का, हे बहुतेक जण सपाट जमिनीवर स्टिअरिंग सरळ ठेवून बघतात. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अख्खा पंजा जातो, म्हणजे काम झालं! पण उभ्या गाडीत टायर घासतच नाही. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असतं, एक चाक दगडावर चढून स्प्रिंग पूर्ण दबलेली असते, तेव्हा तो घासतो. त्यातच ब्रेक दाबला तर बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर) दबून चाक किंचित मागे सरकतं आणि टायरची कड पायदानाच्या पुढच्या टोकाशी लागते. आवाज आला की लोक आधी बेअरिंग बदलून घेतात, मग आमच्याकडे येतात.

लिफ्टबद्दल इथेच घोळ होतो. स्पेसर (स्प्रिंगला उंची देणारा ठोकळा) टाकून मिळालेली ५० मिमी उंची ही गाडी उभी असतानाची. चाक जास्तीत जास्त किती वर जाणार हे बंप स्टॉप, म्हणजे चाकाला वर अडवणारा रबराचा ठोकळा ठरवतो, आणि तो बदललेला नसेल तर पूर्ण दबल्यावर चाक लिफ्टच्या आधी जिथवर जायचं तिथवरच जातं. आता हिशेब बघा. २४५/७५ आर १६ (रुंदी २४५ मिमी, टायरच्या कडेची उंची तिच्या ७५ टक्के, आतलं धातूचं चाक १६ इंची) चा व्यास साधारण ७७४ मिमी, २८५/७५ आर १६ चा ८३४ मिमी, म्हणजे जवळपास ३३ इंच. म्हणजे टायर ३० मिमी जास्त वर पोचणार आणि ४० मिमी रुंद असणार. लिफ्ट तीच, गाडी तीच, पण मडगार्डच्या आत ही जागा आणायची कुठून? बंप स्टॉप लांब करून, लायनर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) कापून, किंवा एक माप खाली येऊन. तिसरा उपाय कुणालाच आवडत नाही, पण निम्म्या गाड्यांना आम्ही तोच सुचवतो.

बॉडी लिफ्टमध्ये चासीवरची बॉडीच वर जाते, त्यामुळे तिथे जागा खरोखर वाढते. पण मग रेडिएटरच्या पंख्याचं कव्हर, स्टिअरिंगचा दांडा, बंपर ही कामं मागोमाग येतात.

दुसरी युक्ती म्हणजे कमी ऑफसेटची डिस्क, म्हणजे टायर बसतो ते धातूचं चाक. डिस्क गाडीला टेकते ती जागा तिच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे, तो ऑफसेट. ऑफसेट ३० वरून ० वर आणला की चाक ३० मिमी बाहेर येतं आणि आतल्या सस्पेन्शनच्या दांड्यांना (आर्म, स्टॅबिलायझर बार) घासणं थांबतं. मात्र बाहेर आलेलं चाक वळताना मोठा घेर घेतं, म्हणून आतली घासाघीस बंपरच्या टोकाशी सुरू होते. शिवाय स्टिअरिंग जड होतं आणि बेअरिंगवर भार वाढतो. दिसायला गाडी रुबाबदार दिसते, हे मात्र खरं.

‘टायर मी आणतो, तुम्ही फक्त बसवून द्या’ असं म्हणणाऱ्यांना आम्ही आधी चाचणी करायला लावतो, यावर काही जण नाराज होतात. कारण साधं आहे. पाच टायर चढवले, बॅलन्सिंग झालं, गाडी चार किलोमीटर फिरली आणि घासायला लागली, तर ते टायर कुणी परत घेत नाही. आमचा दिवस उतरवण्यात जातो आणि तुमचे पैसे अडकतात.

चाचणी अशी: आमच्याकडे नेहमीच्या मापांचे वापरलेले टायर डिस्कसकट ठेवलेले आहेत. ते पुढे लावतो, टायरच्या दोन्ही कडांना कोरडा खडू फासतो, पुढचं एक आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं एक अशी दोन चाकं रॅम्पवर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवतो. काळ्या लायनरवर जिथे पांढरा पट्टा उमटतो, तिथे टायर लागतोय. त्यावर वाद होत नाही. शंका उरली तर स्प्रिंग काढून चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत वर नेतो. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. टायर आमच्याकडून घेतलेत तर चाचणीचे वेगळे पैसे नाहीत.

बाकीचं थोडक्यात. एकच माप छापलेले दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात कमी-जास्त भरतात, आणि चिखलाच्या टायरचे खांदे जास्त बाहेर असतात. वरच्या उदाहरणात मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास १०८ वर असेल. किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातील, म्हणून ‘ॲव्हरेज फार पडलं’ ही तक्रार करण्याआधी हा हिशेब धरा. थोडं खरोखर पडतंच, टायर जड असतो. स्टेपनी त्याच मापाची हवी. फुल-टाइम फोर व्हील ड्राइव्हला लहान स्टेपनी लावून लांब गेलात तर चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. नवी स्टेपनी जुन्या जागेत मावते का, हेही आधीच बघू. लिफ्टनंतर अलाइनमेंट केली नसेल तर पहिलं ते. नट ५० ते १०० किलोमीटरनंतर परत आवळून घ्या, त्यासाठी नुसतं येऊन जा. वाहन नियम आणि विमा यांत टायरचं कोणतं माप चालतं, ते खरेदीआधी विचारून ठेवा.

येताना लिफ्ट किटचं बिल किंवा माप, डिस्कवरचा ऑफसेटचा आकडा आणि नेहमी गाडीत असतं ते सामान घेऊन या. रिकामी गाडी आणि छतावर तंबू असलेली गाडी वेगवेगळी दबते. टायर आधीच घासत असेल तर गाडी धुऊन आणू नका. घासल्याच्या खुणा पुसल्या की आम्हाला खडू घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.