स्कंकचा फवारा बसलेला कुत्रा

उत्तर अमेरिकेत कुत्रा पाळणाऱ्या घरावर कधी ना कधी हा प्रसंग येतोच. पट्टेरी स्कंक हा मांजराएवढा, काळ्या अंगाचा आणि पाठीवर पांढरे पट्टे असलेला निशाचर प्राणी आहे. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत तो शहरांतल्या परसांतही वावरतो, ओसरीखाली बीळ करतो. भारतात स्कंक नाही, त्यामुळे मराठीत त्याला स्वतःचे नाव नाही. उदमांजराशी त्याची गल्लत करतात, पण दोघांची कुळे वेगळी आहेत.

स्कंक उगाच फवारा मारत नाही. आधी पुढचे पाय जमिनीवर आपटतो, फिस्कारतो, शेपूट उभारतो. माणूस एवढ्याने मागे सरतो. कुत्रा मात्र हुंगायला नाक पुढे करतो. गुदद्वाराजवळच्या दोन ग्रंथींतून स्कंक सुमारे ३ मीटरपर्यंत नेम धरून पिवळसर, तेलकट द्रव उडवतो. तो बहुधा कुत्र्याच्या तोंडावर आणि छातीवरच बसतो. बिचारा लाळ गाळत, डोळे मिटून, गवतावर थोबाड घासत सुटतो. वास इतक्या जवळून आला की तो स्कंकचा आहे हेही पटकन ओळखू येत नाही. रबर जळते आहे किंवा लसूण करपला आहे असे वाटते.

अशा वेळी सर्वांत मोठी चूक म्हणजे कुत्र्याला घरात घेणे. सोफ्याला आणि गालिच्याला लागलेला वास काढणे कुत्र्याच्या अंगावरून काढण्याहून अवघड असते. बाहेरच थांबवून आधी डोळे स्वच्छ कोमट पाण्याने धुवावेत, बाकीचे अंग मात्र एवढ्यात भिजवू नये.

दुर्गंधीचे मूळ थायॉल या गंधकयुक्त संयुगांत आहे. साबणाने तेल सुटते, पण थायॉल तसेच राहतात. टोमॅटोच्या रसाने अंघोळ घालण्याची जुनी रीतही निरुपयोगी आहे. आपले नाक त्या वासाला सरावते आणि टोमॅटोचा वास तेवढा जाणवतो; बाहेरून आलेल्या पाहुण्याला मात्र दारातच सगळे कळते.

खरा उपाय इलिनॉय राज्यातले रसायनज्ञ पॉल क्रेबॉम यांनी दिला आणि १९९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास मारण्यासाठी ते वापरत असलेली युक्तीच त्यांनी इथे सौम्य करून वापरली. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे १ लिटर, खाण्याचा सोडा पाव कप (बेकिंग पावडर चालत नाही) आणि भांडी घासायचा पातळ साबण १-२ चहाचे चमचे. सोड्याच्या साथीने पेरॉक्साइड थायॉलचे ऑक्सिडीकरण करते, म्हणजे वास दबत नाही, वास देणारे द्रव्यच बदलते. हातमोजे घालून हे मिश्रण फसफसत असतानाच कोरड्या केसांत मुळापर्यंत चोळावे, सुमारे ५ मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत आणि तोंडात जाऊ देऊ नये. काळ्या केसांचा रंग थोडा उतरू शकतो.

उरलेले मिश्रण ओतून टाकावे. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि झाकण लावलेली बाटली फुटते. ते तयार बाटलीत विकता येत नाही, याचेही कारण हेच.

डोळे लालच राहिले, उलट्या थांबल्या नाहीत किंवा हिरड्या फिक्या पडल्या तर पशुवैद्याकडे न्यावे. फवाऱ्यामुळे क्वचित रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा होते. स्कंक चावला असेल तर वाट पाहूच नये, कारण उत्तर अमेरिकेत रेबीज वाहून नेणाऱ्या प्रमुख वन्य प्राण्यांत तो मोडतो. लस घेतलेल्या कुत्र्यालाही पुन्हा डोस द्यावा लागतो.

नीट धुतलेला कुत्राही पावसात भिजला की पुन्हा दरवळतो. फवाऱ्यात थायॉलबरोबर थायोॲसिटेटही असतात. पाणी लागले की त्यांच्यापासून हळूहळू नवे थायॉल तयार होतात. नाकाजवळच्या आणि डोळ्यांभोवतीच्या केसांत मिश्रण जपूनच लावावे लागते, म्हणून तिथला वास सर्वांत शेवटी जातो.