सूनियन : पोसायडनचे मंदिर आणि अथेन्सहून एका दिवसाची सहल

ग्रीसमधील ॲटिका प्रांताच्या दक्षिण टोकाचे भूशिर व त्यावरील पोसायडन या समुद्रदेवाचे संगमरवरी मंदिर. अथेन्सपासून अंतर सुमारे ७० किमी. भूशिराचा कडा समुद्रापासून सुमारे ६० मी. उंच असून तीन बाजूंना पाणी आहे. आजच्या ग्रीक बोलीत या जागेला ‘सूनिओ’ म्हणतात. बसवाल्याला विचारताना तेच नाव घ्यावे. मध्ययुगानंतरचे दर्यावर्दी याला ‘कापो कोलोना’, म्हणजे खांबांचे भूशिर, म्हणत. देव विस्मरणात गेला तरी खांब दिसत राहिले, आणि गलबतवाल्यांना दिशा कळायला तेवढे पुरे होते.

अथेन्सला आलेले बहुतेक प्रवासी येथे दुपारी उशिरा निघून सूर्यास्ताच्या गर्दीत पोचतात, छायाचित्रे काढतात आणि अंधार पडताच परततात. त्यात गैर काही नाही. पण हे मंदिर नेमके याच ठिकाणी का उभे राहिले, ते या घाईत कळत नाही. त्यासाठी सकाळी निघून आधी लाव्रिओ गाठावे आणि मंदिर दुपारनंतरसाठी ठेवावे.

लाव्रिओ (प्राचीन लावरिओन) हे सूनियनपासून नऊ-दहा किमी.वरचे बंदर. येथील डोंगरांत चांदी सापडत असे. शिशाच्या धातुकातून ती काढण्यासाठी हजारो गुलाम अरुंद बोगद्यांत राबत. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास नवी समृद्ध शीर लागली, तेव्हा ते उत्पन्न नागरिकांत वाटून टाकावे असा विचार अथेन्समध्ये चालला होता. अथेन्सचा पुढारी थेमिस्तोक्लीस याने लोकांना समजावून तो पैसा युद्धनौकांकडे वळवला. तीनच वर्षांनी, इ. स. पू. ४८० मध्ये, याच नौकांच्या बळावर सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला. त्याच स्वारीत इराण्यांनी सूनियनवरचे जुने, मऊ दगडाचे मंदिर उद्ध्वस्त केले होते. विजयानंतर ग्रीकांनी शत्रूच्या तीन फिनिशियन युद्धनौका देवांना अर्पण केल्या आणि त्यांतली एक सूनियनला ठेवली, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. नारळ-फुलांऐवजी अख्खे जहाज वाहिले जावे, अशी ही जागा. आज दिसणारे मंदिर त्यानंतर अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळात, इ. स. पू. ४४४ ते ४४० च्या सुमारास, जुन्याच जोत्यावर उभे राहिले.

लाव्रिओत दोन-तीन तास सहज जातात. गावाच्या उत्तरेला थोरिकोस येथे प्राचीन नाट्यगृह आहे. ग्रीक नाट्यगृह म्हटले की डोळ्यांसमोर नेमका अर्धगोल येतो. येथे मात्र पायऱ्यांची रांग लांबट, अंड्याच्या आकाराची आहे. ज्ञात ग्रीक नाट्यगृहांतील अत्यंत जुन्यांत याची गणना होते. बाजूलाच खाणींची तोंडे आणि धातुक धुण्याच्या जागा आढळतात. खाणकामगारांच्या गावाने नाटकासाठी एवढी जागा राखली होती, हे पाहून जरा थबकायला होते. गावातील छोट्या पुराणवस्तुसंग्रहालयात पोसायडन मंदिराच्या शिल्पपट्टाचे तुकडे ठेवले आहेत. पॅरोस बेटावरच्या संगमरवरातील हे तुकडे खाऱ्या वाऱ्याने इतके झिजले आहेत की कोणता सेंटॉर (अर्धा घोडा, अर्धा माणूस असा पुराणातला प्राणी) आणि कोणता माणूस हे ओळखायला वेळ लागतो. मंदिर पाहण्याआधी ते पाहिलेले बरे. नंतर कड्यावर उभे राहिल्यावर तो वारा अंगावर घेताना त्याचा पराक्रम आधीच ठाऊक असतो. जेवण बंदराजवळच्या खाणावळीत उरकावे. मासळी ताजी असते.

मंदिर डोरिक, म्हणजे साध्या, भरभक्कम खांबांच्या ग्रीक शैलीचे आहे. मधले गर्भगृह आता उरलेले नाही. त्याच्या चारही बाजूंनी खांबांची ओळ होती : दर्शनी बाजूला सहा, लांबीच्या बाजूला तेरा, कोपऱ्यांतले एकदाच मोजले तर एकूण ३४. त्यांतले निम्म्याहून थोडे कमी आज उभे आहेत आणि त्यांतलेही काही विसाव्या शतकात पुन्हा उभारलेले. खांब सुमारे ६.१० मी. उंच, बुडाशी सुमारे एक मीटर जाड आणि वर जाताना निमुळते. त्यांच्या अंगावरच्या उभ्या पन्हळी मोजून पाहाव्यात. अथेन्सच्या पार्थेनॉन या मंदिराच्या खांबावर वीस भरतात, येथे सोळाच. पन्हळी कमी म्हणजे त्यांच्यामधल्या धारा कमी आणि त्यामुळे खाऱ्या हवेने झिजण्याची जागाही कमी, असे याचे कारण सांगितले जाते. दुसरा फरक रंगाचा. पार्थेनॉनच्या पेंटेली संगमरवरात लोहाचा अंश असल्याने तो काळाबरोबर मधासारखा पिवळसर झाला. सूनियनचा दगड जवळच्याच आग्रिलेझा खोऱ्यातला. त्यात लोह नगण्य, म्हणून अडीच हजार वर्षांनंतरही तो पांढराफटक आहे. भर दुपारी त्याच्याकडे बघताना डोळे दिपतात.

दर्शनी बाजू पूर्वेकडे होती. म्हणजे सूर्यास्ताला येणारा पर्यटक मंदिराची पाठ उजळलेली पाहतो. पुरातत्त्व स्थळ सकाळी उशिरा उघडत असल्याने देवाच्या दारावरची पहिली किरणे मात्र कोणालाच पाहायला मिळत नाहीत. खांबांची सर्वांत भरीव ओळ दक्षिणेची, समुद्राकडची. त्यामुळे पाण्यावरून मंदिर जवळजवळ पूर्ण वाटते आणि जमिनीकडून पडके.

होमरच्या ‘ओडिसी’त हे भूशिर पवित्र म्हणून येते. ट्रॉयहून परतताना स्पार्टाचा राजा मेनेलाउस याचा सुकाणूधारी फ्रोन्तिस येथेच मरण पावला आणि त्याच्या अंत्यविधीसाठी जहाजांचा प्रवास थांबला. सुकाण्याचा माणूस नेमका या वळणावर जावा, यात कवीची नजर दिसते. कारण एजियन समुद्रातून अथेन्सकडे वळणारी गलबते याच टोकाला वळसा घालत. दुसरी कथा अधिक प्रसिद्ध आहे. मिनोटॉर या बैलतोंड्या राक्षसाला मारून परतणारा अथेन्सचा राजपुत्र थिसिअस काळी शिडे उतरवून पांढरी चढवायला विसरला; ती काळी शिडे पाहून मुलगा मेला असे समजून राजा एजियसने कड्यावरून उडी घेतली आणि समुद्राला त्याचे नाव मिळाले. वाटाडे ती उडी येथलीच म्हणून सांगतात. मात्र प्राचीन ग्रंथांत ती अथेन्सच्या अक्रोपोलिस या टेकडीवरून घेतल्याचेही सांगितले आहे आणि तेथून तर समुद्र बराच लांब! कथेला सूनियनचाच कडा शोभतो, एवढे मान्य करावे.

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील पेलोपोनीशियन युद्धात, इ. स. पू. ४१३–४१२ च्या हिवाळ्यात, अथेन्सने या टोकाला तटबंदी केली. शहराला लागणारे धान्य जहाजांनी येत होते आणि ती जहाजे सुखरूप जावीत हा हेतू होता. तटाचे अवशेष आणि खालच्या खाडीत खडकात कोरलेल्या नौकाशाळांच्या खुणा अजून आहेत. पुढे इ. स. पू. दुसऱ्या शतकात लावरिओनच्या गुलामांनी बंड केले तेव्हा त्यांनी हाच किल्ला काबीज केला. चांदी उपसणारे हात शेवटी या कड्यावर आले ते असे.

जवळच्या ठेंगण्या टेकडीवर अथेना सूनियासचे मंदिर होते. त्याचे आता केवळ जोते उरले असून बहुतेक पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. याच्या काही भागांचे दगड रोमन काळात उचलून अथेन्सच्या बाजारचौकात, अगोरात, नेऊन वापरले गेले. इ. स. दुसऱ्या शतकातला प्रवासी पाउसानिअस याने आपले ग्रीसवर्णन सूनियनपासूनच सुरू केले, पण टोकावरचे मंदिर अथेनाचे म्हणून नोंदवले. बहुधा तो जहाजातून पाहत पुढे गेला असावा. प्रवासवर्णनाची सुरुवातच चुकीने झाली, हे नंतरच्या सर्व प्रवासलेखकांना दिलासा देणारे आहे.

१९०६ मध्ये वालेरिओस स्ताइस यांच्या उत्खननात येथे खड्ड्यात पुरलेले तरुणाचे प्रचंड संगमरवरी पुतळे मिळाले. सुमारे तीन मीटर उंचीचा ‘सूनियनचा कूरोस’ (कूरोस म्हणजे तरुणाचा उभा पुतळा; इ. स. पू. सुमारे ६००) अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. तो आदल्या दिवशी पाहून ठेवला तर मोकळ्या कड्यावर उभ्या अशा पुतळ्यांची कल्पना करता येते.

एका खांबाच्या बुडाशी इंग्रज कवी बायरनचे नाव कोरलेले आहे. तो १८१० च्या सुमारास येथे आला होता. अक्षरे त्यानेच कोरली असे मानतात. भोवती आणखी कितीतरी नावे आहेत. आता दोरी लावलेली असल्याने हे नाव जवळून दिसत नाही आणि शोधण्यात वेळही घालवू नये. मराठी वाचकाला येथे कार्ल्याचे चैत्यगृह आठवेल : तेथील खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावे आहेत, पण ती खांब दान देणाऱ्यांची.

जाण्यासाठी अथेन्समधून ॲटिका प्रांताच्या बसगाड्या पेदिओन तू आरेओस बागेजवळून सुटतात. मार्ग दोन. एक मार्कोपुलो, केरातेआवरून लाव्रिओला जाणारा आतला रस्ता. दुसरा ग्लिफादा, वूलिआग्मेनी, वार्किझा, लागोनिसी असा किनाऱ्याने जाणारा, ज्यावर बसला दोन तासांच्या आसपास लागतात. जाताना आतला आणि येताना किनाऱ्याचा घ्यावा. परतीला समुद्र डाव्या हाताला राहतो. त्या बाजूची खिडकी पकडावी. शेवटची बस किती वाजता आहे हे उतरल्याउतरल्या विचारून घ्यावे. भूशिरावर वस्ती नाही आणि रिकामी टॅक्सी मिळेलच असे नाही. स्वतःची गाडी असेल तर सवा तासाचे काम. अथेन्सचा विमानतळ शहराच्या पूर्वेला याच दिशेने असल्याने, भारतातून आलेला आणि शेंगेन व्हिसा असलेला प्रवासी शहरात न जाताही येथे येऊ शकतो.

स्थळ सूर्यास्तापर्यंत खुले असते, म्हणून बंद होण्याची वेळ महिन्यागणिक बदलते : जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या थोडा आधी मावळतो, डिसेंबरात सव्वापाचच्या सुमारास. १ जानेवारी, २५ मार्च, ग्रीक ईस्टरचा रविवार, १ मे आणि २५–२६ डिसेंबर या दिवशी सरकारी पुरातत्त्व स्थळे बंद असतात. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे, ॲटिकाच्या किनाऱ्याच्या बाजूला कलतो. थंडीत नैर्ऋत्येकडे, उघड्या पाण्यावर. सूर्यास्तच पाहायचा असेल तर ऑक्टोबर ते मार्च बरा, शिवाय गर्दीही कमी.

वर सावली अजिबात नाही. टोपी न्यावी, पण नाडीची. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटला की साधी टोपी थेट एजियनमध्ये. संगमरवराच्या पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्या आहेत, तेव्हा सपाट तळव्याच्या चपला नकोत. झुडपांतून चकोर (तित्तिरासारख्या) पक्ष्यांची जोडी तुरुतुरु पळत गेली तर आश्चर्य वाटू नये; ते येथले कायमचे रहिवासी आहेत.

कड्यावरून पूर्वेला लांबट, उजाड माक्रोनिसोस बेट दिसते. विसाव्या शतकातील ग्रीक यादवी युद्धाच्या काळात तेथे राजकीय बंदी ठेवत. त्याच्या पलीकडे केआ. या दोन बेटांच्या आसपासची सामुद्रधुनी आजही सायक्लेड्स बेटांकडे जाणाऱ्या बोटींचा हमरस्ता आहे. दिवसाची सहल जमलीच नाही आणि पुढे बेटांवर जायचे असेल, तर अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सुटणाऱ्या साध्या, मोठ्या बोटीत डाव्या कठड्याला उभे राहावे. दीड-दोन तासांत कड्यावरची दक्षिण रांग दिसू लागते, प्रथम पांढऱ्या रेघेसारखी, मग एकेक खांब वेगळा.