गॅस पाइपलाइनची थंडीची तयारी

कडक हिवाळा सुरू व्हायच्या आधी नैसर्गिक वायूच्या विहिरी, पाइप, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर बंद पडू नयेत म्हणून जी कामं करतात ती म्हणजे ही तयारी, अमेरिकेत याला विंटरायझेशन म्हणतात. आधी एक गैरसमज काढून टाकायला हवा, थंडीत गॅस गोठत नाही. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याचा नुसता द्रव व्हायलाच उणे 161 अंश लागतात. गोठतं ते गॅससोबत विहिरीतून आलेलं पाणी.

आणि हे पाणी शून्य अंशाची वाटही बघत नाही. जास्त दाबाखाली पाणी आणि मिथेन मिळून बर्फासारखा पांढरा घट्ट पदार्थ तयार होतो, त्याला हायड्रेट म्हणतात, आणि 70 बारच्या आसपास दाब असेल तर (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) तो 10 अंशालाच बनायला लागतो, म्हणजे नाशिकच्या हिवाळ्यातली पहाटसुद्धा पुरे. पाइप तुंबतात ते बऱ्याचदा साध्या बर्फाने नाही तर या हायड्रेटने, हे 1934 मध्ये अमेरिकन संशोधक हॅमरश्मिट यांनी दाखवून दिलं. त्यात भर म्हणजे गॅसचा दाब उतरवला की तो स्वतःच थंड होतो, एका बारमागे साधारण अर्धा अंश. 40 बार उतरवले की 20 अंश गेलेच, म्हणून बाहेर बर्फ नसतानाही रेग्युलेटरवर बर्फाची पांढरी साय धरलेली दिसते.

त्यामुळे सगळी तयारी पाण्याभोवती फिरते. मेन लाइनमध्ये सोडण्याआधी गॅस ग्लायकॉलच्या, म्हणजे पाणी शोषून घेणाऱ्या द्रवाच्या, टॉवरमधून नेऊन कोरडा करतात, अमेरिकेत साधारणपणे दहा लाख घनफूट गॅसमागे 7 पौंड पाणी चालतं, त्यापेक्षा जास्त नाही. विहिरीपाशी गॅस अजून ओलाच असतो म्हणून तिथे छोट्या पंपाने मिथेनॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारं अल्कोहोल, सोडत राहतात, दाब उतरवायच्या आधी हीटर लावतात, पाइपच्या सखल भागात साचलेलं पाणी काढून टाकतात. सगळ्यात आधी दगा देते ती प्रेशर मोजणाऱ्या यंत्राकडे जाणारी बोटाएवढी बारीक नळी, ती गोठली की यंत्र चुकीचा दाब दाखवतं आणि चांगली चालणारी लाइन बंद होते, म्हणून तिच्यावर हीटिंग केबल गुंडाळून वरून इन्सुलेशन चढवतात. हे काम फार बारकाईने करावं लागतं, एक फूट उघडा राहिला तरी तिथेच गोठतं.

हायड्रेटचा बोळा अडकलाच तर एकाच बाजूचा दाब सोडणं जीवघेणं आहे, बोळा सुटून पाइपमधून गोळीसारखा धावतो आणि वळणावर पाइप फोडतो. दाब दोन्ही बाजूंनी हळूहळू उतरवायचा असतो, वितळायला दिवस लागले तरी.

तयारी नसली की काय होतं ते टेक्सासने फेब्रुवारी 2021 मध्ये पाहिलं. विहिरी गोठल्या, गॅस कमी पडला, वीज केंद्रं बंद पडली, मग वीज कापली तर गॅसचेच विजेवर चालणारे कॉम्प्रेसर थांबले कारण त्यातल्या बऱ्याच ठिकाणांची अत्यावश्यक ग्राहक म्हणून नोंदच झालेली नव्हती! 45 लाखांहून जास्त घरं अंधारात गेली आणि राज्याच्या आकडेवारीप्रमाणे 246 माणसं गेली. ह्यूस्टन, डॅलसमधल्या मराठी घरांनीही त्या रात्री काढल्या. 2011 च्या थंडीतही तिथे विहिरी गोठल्या होत्या आणि तेव्हाच्या चौकशी अहवालात तयारीच्या शिफारशी आल्या होत्या, पण सक्ती झाली नाही. कायदा 2021 मध्ये झाला आणि गॅसवाल्यांसाठीचा नियम ऑगस्ट 2022 मध्ये.