स्टेडियम मोठं म्हणजे जल्लोष मोठा? नाही!

मराठवाड्यात फुटबॉलच्या मैदानाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "लाखभर लोकांचं स्टेडियम बांधा, वातावरण आपोआप येईल." हे खरं नाही.

इटलीच्या युव्हेंटस या फुटबॉल क्लबचं बघा. तुरीनमधलं त्यांचं १९९० चं स्टेडियम जवळपास ६९ हजारांचं. पण भोवती धावण्याचा ट्रॅक, प्रेक्षक लांब आणि बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. २०११ मध्ये त्याच जागी सुमारे ४१ हजारांचं नवं उभं राहिलं. ट्रॅक गेला, पहिली रांग मैदानापासून साडेसात मीटरवर आली. आता तिथली गर्जना खेळाडूंच्या कानावर आदळते.

कारण साधं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की माणसाचा आवाज सहा डेसिबलने (आवाज मोजायचं एकक) उतरतो. वर छत असेल तर तोच आवाज मैदानाकडे परततो. जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबच्या स्टेडियममधल्या दक्षिण स्टँडमध्ये छताखाली, एकाच सलग तीव्र उतारावर सुमारे २५ हजार लोक उभे राहून गातात!

संभाजीनगरच्या आमखास मैदानावर रेषेला खेटून सामना पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. धावपटूंना ट्रॅक हवाच. फुटबॉलसाठी मात्र वेगळं, आटोपशीर, छताचं मैदान मागा.